मागच्या दाराचे सरकार : मद्रासच्या विधानसभेचा धडा



बहुमत म्हणजे काय, हे तुम्हांला कोणी शिकवायला नको. गेटमिटिंगमध्ये संपाचा ठराव आला की हात वर होतात. ज्या बाजूला हात जास्त, ती बाजू जिंकली. ज्याचा हात खाली राहिला, तोही दुसऱ्या दिवशी बाकीच्यांबरोबर गेटबाहेर उभा राहतो. इतका साधा हिशेब! मग हाच हिशेब राज्याच्या विधानसभेत गेला की एवढा अवघड का होतो? हात कमी असलेला खुर्चीवर बसतो, हात जास्त असल्याचे सांगणारा बाहेर उभा राहतो, आणि वर आपल्यालाच सांगितले जाते की राज्यघटनेत असेच आहे. हे कसे घडते, ते आम्ही आज मद्रासच्या उदाहरणावरून सांगणार आहोत. मद्रास दूर आहे म्हणून कान बंद करू नका. तिथल्या गोष्टीची एक वाट आंध्र राज्याकडे गेली, आणि आंध्राची वाट पुढे थेट आपल्या दारापर्यंत आली.

३७५ चा हिशेब

१९५२ साली स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या वेळचे मद्रास राज्य म्हणजे चार भाषांचे एक गाठोडे होते. तमिळ जिल्हे, तेलुगू जिल्हे, मलयाळम बोलणारा मलबार आणि कन्नड-तुळू बोलणारा दक्षिण कानडा, असे सगळे इंग्रजाने आपल्या सोयीसाठी एका दोरीने बांधलेले. विधानसभेत जागा ३७५. म्हणजे राज्य करायला हवेत १८८.

काँग्रेसला मिळाल्या १५२. सर्वांत मोठा पक्ष खरा, पण बहुमताला ३६ कमी. कम्युनिस्ट पक्षाला ६२. आचार्य कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाला ३५. बाकी लहान पक्ष आणि अपक्षांची मोठी रांग. आधीचे मुख्यमंत्री कुमारस्वामी राजा स्वतःच पडले. तेलुगू मुलुखात तर काँग्रेसची पार वाताहत झाली. तिथल्या जागांपैकी एक तृतीयांशही तिच्या हाती लागल्या नाहीत. लोकांना काय हवे, ते लोकांनी सांगून टाकले होते. तेलुगू माणसाला त्याचे राज्य हवे होते, आणि सगळ्यांनाच धान्य हवे होते.

विरोधी मंडळी एकत्र आली. संयुक्त लोकशाही आघाडी उभी राहिली. आंध्राचे म्हातारे पुढारी टी. प्रकाशम तिचे नेते झाले, आणि काँग्रेसपेक्षा जास्त आमदार आमच्यामागे आहेत, असे त्यांनी राज्यपालांना कळवले. सायमन कमिशनच्या वेळी पोलिसांच्या बंदुकीपुढे छाती उघडी करणारा हा माणूस. पूर्वी मद्रासचा मुख्यमंत्रीही होऊन गेलेला. काही उपटसुंभ नव्हे.

आता काँग्रेसवाल्यांची बाजूही नीट ऐकून घेऊ, कारण ऐकल्यावाचून खोडता येत नाही. ते म्हणत, आघाडी हा एक पक्ष नाही. निवडणुकीनंतर बांधलेली ती मोळी आहे, तिचा एक कार्यक्रम नाही, ती चार महिने टिकायची नाही. एकटा मोठा पक्ष आम्हीच, तेव्हा पहिला मान आमचा. या म्हणण्यात काहीच दम नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. पण त्याचा निवाडा करायची जागा कोणती? विधानसभा! प्रकाशमना बोलवा, सभागृहापुढे उभे करा, हात मोजा. पडले तर पडले. आघाडी टिकणार नाही, हे राज्यपालांच्या दिवाणखान्यात आधीच ठरवायचे कारण काय?

दार कोणते?

काँग्रेसने माणूस निवडला तो राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी. हिंदुस्थानचे शेवटचे गव्हर्नर जनरल, दिल्लीत गृहमंत्री राहिलेले, वय ७३. बुद्धी तल्लख, चारित्र्यावर डाग नाही. हे सगळे मान्य. पण एक साधी गोष्ट राहिली होती. राजाजींनी निवडणूकच लढवली नव्हती! ३७५ आमदारांत त्यांचे नाव नव्हते.

मग काय केले? राज्यपाल श्रीप्रकाश यांनी त्यांना विधान परिषदेवर नेमले. साहित्य, शास्त्र, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी घटनेने काही जागा राखून ठेवल्या आहेत, त्यांतली ही जागा. राजाजी साहित्यिक होते हे खरेच. पण त्या दिवशी त्यांना साहित्यासाठी परिषदेत नेले नव्हते, खुर्चीसाठी नेले होते, हे शेंबडे पोरही सांगेल. १० एप्रिल १९५२ रोजी ते मुख्यमंत्री झाले. मतपेटीचे पुढचे दार सोडून नेमणुकीच्या मागच्या दाराने.

कम्युनिस्ट पक्षाचे आणि कामगार चळवळीतले पुढारी पी. राममूर्ती या नेमणुकीविरुद्ध हायकोर्टात गेले. अर्ज फेटाळला गेला. कायद्याच्या चौकटीत बसले म्हणून ते लोकशाहीच्या चौकटीतही बसते, असे मात्र नव्हे. गिरणीतल्या बदलीवाल्याला हे समजावून सांगावे लागत नसे. रोज सकाळी गेटवर उभे राहून, काम येत असूनही हात हलवत परत जाणारा तो, आणि जॉबरच्या ओळखीने आत जाणारा दुसरा. वहीत दोघांचीही नोंद नियमाप्रमाणेच असे.

याच महिन्यात इकडे मुंबई राज्यातही असाच खेळ झाला. मोरारजी देसाई निवडणुकीत पडले होते, तरी एप्रिल १९५२ मध्ये तेच मुख्यमंत्री झाले. फरक इतकाच की मुंबईत काँग्रेसपाशी भरभक्कम बहुमत होते आणि मद्रासला ते नव्हते. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो कामाला येणार आहे.

बेरीज कशी झाली?

राजाजींनी ३ जुलै १९५२ रोजी विधानसभेत विश्वासाचा ठराव जिंकला. बाजूने २००, विरुद्ध १५१. एप्रिलमध्ये काँग्रेसपाशी १५२ हात, जुलैत २०० हात. तीन महिन्यांत हे ४८ हात उगवले कुठून?

उत्तर काँग्रेसबाहेरच्या बाकांवर होते. अपक्षांतले बरेच वळले. उत्तरेकडच्या तमिळ जिल्ह्यांत वन्नियार समाजाच्या बळावर दोन पक्ष उभे होते. माणिकवेलु नायकरांचा कॉमनवील पक्ष, आमदार ६. रामस्वामी पडयाचींचा टॉयलर्स पक्ष, आमदार १९. टॉयलर्स म्हणजे कष्टकरी. नाव कष्टकऱ्यांचे! द्रविड मुन्नेत्र कळघमने त्या निवडणुकीत स्वतः उमेदवार उभे केले नव्हते, अशा मंडळींना पाठिंबा दिला होता. म्हणजे मते मागितली काँग्रेसविरुद्ध. निवडून आल्यावर मात्र नायकर राजाजींचे मंत्री झाले आणि पडयाचींचा पक्ष बाहेरून पाठिंबा देऊन उभा राहिला. पुढे १९५४ साली पडयाचींनाही मंत्रिपद मिळाले.

आम्ही कोणाला विकाऊ म्हणत नाही. आपल्या समाजाला चार जागा, चार शाळा, चार नोकऱ्या मिळाव्यात म्हणून सत्तेला जाऊन मिळणारे पुढारी सगळीकडे असतात, आणि कधी कधी त्यांच्या समाजाला खरोखरच काही मिळतेही. पण ज्या मतदाराने एका बाजूला शिक्का मारला, त्याचे मत न विचारता दुसऱ्या बाजूला मोजले गेले की नाही? पुढे १९८५ साली पक्षांतरबंदीचा कायदा आला, तो असल्याच दुखण्यावरचे औषध म्हणून. औषध आले, दुखणे अजून आहे. कारण एकटा फुटला तर गुन्हा आणि घोळका घेऊन फुटला तर मुत्सद्देगिरी, असा आपल्याकडचा न्याय!

धोतर कोणाचे?

आता तुमच्या पोटाची गोष्ट. १९५२ साली मद्रास राज्यातले हातमागवाले उपाशी मरत होते. माल पडून, सूत महाग. राजाजींनी दिल्लीकडे मागणी केली की धोतरे आणि लुगडी विणण्याचा हक्क हातमागालाच द्या, गिरण्यांनी ती विणू नयेत. सगळी मागणी मान्य झाली नाही. पण त्याच वर्षाच्या अखेरीस केंद्राने गिरण्यांच्या धोतर-उत्पादनावर आधीच्या सरासरीच्या ६० टक्क्यांची मर्यादा घातली, आणि १९५३ साली गिरणीच्या कापडावर हातमाग-खादीसाठी जादा कर बसवला.

गिरणीकामगाराने यावर काय म्हणावे? मालक म्हणाले, बघा, तुमच्या साच्यांवर गदा आली. मद्रासचे मंत्री म्हणाले, बघा, गिरण्यांनी विणकराची भाकर पळवली. आम्हांला विचाराल तर दोघेही विणणारेच. एक पायाने माग हाणतो, एक विजेच्या मागापुढे उभा राहतो. कोष्टी आणि कामगार यांची झुंज लावून दिली की सूतवाल्या सावकाराकडे आणि गिरणीमालकाच्या नफ्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. उपाशी विणकराला मदत झालीच पाहिजे, पण ती कोणाच्या खिशातून, हा प्रश्न विचारायला सभागृहात आपला माणूस हवा. जून १९५२ मध्ये राजाजींनी धान्यावरचे रेशनिंग उठवले. रांगेला कंटाळलेल्या लोकांनी त्याचे स्वागत केले, आणि डळमळत्या सरकारला थोडी ऊब मिळाली. सरकार अल्पमतातले असले की त्याला लोकांना खूश ठेवावे लागते, हेही यातून दिसले.

सभागृहाबाहेर एक माणूस मेला

मात्र एका बाबतीत त्या सरकारने कोणालाच खूश केले नाही. तेलुगू लोकांच्या राज्याचा प्रश्न लोंबकळतच राहिला. १९५१ साली स्वामी सीताराम यांनी उपोषण केले, ते विनोबांच्या शब्दाखातर सुटले. मग १९ ऑक्टोबर १९५२ रोजी पोट्टी श्रीरामुलू मद्रास शहरात उपोषणाला बसले. बसले कोणाच्या घरी? बुलुसु सांबमूर्तींच्या. हे सांबमूर्ती १९३७ च्या मद्रास विधानसभेचे सभापती होते. म्हणजे ज्याने एके काळी त्या सभागृहाची शिस्त राखली, त्याच्याच घरात एक माणूस अन्नावाचून झिजत होता, आणि सभागृहाला तो दिसत नव्हता.

१५ डिसेंबरच्या रात्री श्रीरामुलू गेले. तेलुगू मुलूख पेटला. रेल्वे अडली, कचेऱ्यांवर मोर्चे गेले, गोळीबार झाले, माणसे मेली. आणि १९ डिसेंबरला, अवघ्या चार दिवसांत, पंडित नेहरूंनी आंध्र राज्याची घोषणा केली. महिनोन्‌महिने जे अशक्य होते ते चार दिवसांत शक्य झाले! १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य जन्माला आले, राजधानी कर्नूल. मद्रास शहर मात्र तेलुगू लोकांना मिळाले नाही. शहर सोडून राज्य घ्या, हा सौदा त्यांना पत्करावा लागला. मुंबईशिवाय महाराष्ट्र घ्या, असे आम्हांला सांगणाऱ्यांनी हा सौदा नीट पाहून ठेवला होता. त्यांचे पाहणे फुकट गेले, ते गिरणगावाने त्यांना फुकट घालवले म्हणून.

एक कलम इथे ध्यानात घ्या. राज्य नवे करायचे की नाही, हे घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसद ठरवते. राज्याच्या विधानसभेचे फक्त मत विचारतात. तेव्हा मद्रासच्या विधानसभेत तेलुगू आमदारांनी कितीही टाहो फोडला, तरी किल्ली दिल्लीत होती.

आणि गंमत बघा! नव्या आंध्र राज्याचे पहिले मुख्यमंत्री कोण? तेच टी. प्रकाशम! १९५२ साली ज्यांना राज्यपालांच्या दारातून परत पाठवले, त्यांनाच १९५३ साली काँग्रेसने आपल्या पाठिंब्याने खुर्चीवर बसवले. मधल्या काळात म्हातारा बदलला नव्हता. बदलली होती फक्त त्याच्या शेजारी बसणारी माणसे. तेही सरकार काठावरचेच निघाले. नोव्हेंबर १९५४ मध्ये दारूबंदीच्या वादावर एका मताने पडले.

अर्धा दिवस शाळा

आता या कथेतली सर्वांत मोठी लढाई. १९५३ साली राजाजींनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना काढली. खेड्यातल्या मुलाने शाळेत रोज तीनच तास बसायचे. उरलेला वेळ घरी राहून बापाचा धंदा शिकायचा. न्हाव्याच्या मुलाने वस्तरा, कुंभाराच्या मुलाने चाक, चांभाराच्या मुलाने आरी. सरकारचे म्हणणे असे की शाळा थोड्या, मास्तर थोडे, पोरे अमाप. एकाच शाळेत दोन पाळ्या बसवल्या की दुप्पट मुले शिकतील, आणि हाताला कामही लागेल.

दोन पाळ्यांचा हिशेब आपल्याला कळतो. पण यात एक काटा होता. वकिलाच्या मुलाने बापाचा धंदा शिकायचा म्हणजे वकील व्हायचे, आणि भंग्याच्या मुलाने बापाचा धंदा शिकायचा म्हणजे काय व्हायचे? गिरणीतला कामगार कापसाच्या धुळीत फुप्फुसे भरून घेत होता, तो कशासाठी? पोराने साच्यापुढे उभे राहू नये म्हणून! त्याला जर कोणी सांगितले असते की तुझ्या पोराने अर्धा दिवस तुझ्याबरोबर खात्यात यावे, तर त्याने काय उत्तर दिले असते? तमिळ लोकांनी तेच दिले. त्यांनी या योजनेचे नाव ठेवले ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे, जातीचे शिक्षण. पेरियार रामस्वामी आणि अण्णादुराई यांचे पक्ष रस्त्यावर उतरले. काँग्रेसमधलेच लोक चुळबुळ करू लागले, कारण योजना आणताना राजाजींनी ना विधानसभेला विचारले होते, ना धड स्वपक्षाला.

जुलै १९५३ मध्ये प्रश्न सभागृहात आला. योजना रद्द करा, या ठरावावर हात मोजले, बाजूने १३८, विरुद्ध १३८! ठराव बारगळला. मग दुसरा ठराव आला की योजना थांबवा आणि तज्ज्ञांकडे पाठवा. तो मात्र १३९ विरुद्ध १३७ असा मंजूर झाला. दोन मतांनी सरकारचे चाक रुतले. तज्ज्ञांची समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपल्याकडचेच शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर. नोव्हेंबरमध्ये समितीने योजना ठीक आहे असा निर्वाळा दिला. पण लोकांचा निर्वाळा आधीच लागला होता. तज्ज्ञ पाळ्या मोजत होते, लोक आपल्या पोरांचे आयुष्य मोजत होते.

मार्च १९५४ मध्ये राजाजींना नेतेपद सोडावे लागले. कामराज नेते झाले आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्री. मे महिन्यात योजना गुंडाळली गेली. आणि कामराजांनी काय केले? नेमणूक घेतली नाही. गुडियात्तमची पोटनिवडणूक लढवली, लोकांपुढे जाऊन मते मागितली आणि पुढच्या दाराने विधानसभेत आले. पक्ष तोच, राज्य तेच. पण दार बदलले की माणसाचे कान बदलतात. ज्याला मते मागायला जायचे असते त्याला ऐकावे लागते.

मग अल्पमताचे सरकार चांगले की वाईट?

राजाजींचे सरकार अल्पमतात जन्मले, म्हणूनच ती योजना १३८-१३८ वर अडली. भक्कम बहुमत असते तर दुपारच्या चहाआधी सगळे मंजूर झाले असते. मुंबईकडे पाहा. १९५५-५६ साली मोरारजींच्या सरकारपाशी सभागृहात हातांची टंचाई नव्हती. त्या हातांनी काय केले? गोळीबार केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसे हुतात्मा झाली, त्यांत गिरणगावाची किती होती ते तुम्हांला ठाऊक आहे. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला पार झोपवले. तरी गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर द्वैभाषिकाचे सरकार बहुमतातच राहिले. म्हणजे कागदावर बहुमत, आणि ज्या लोकांवर गोळ्या झाडल्या त्यांच्यात अल्पमत! तेलुगू मुलुखाची १९५२ ची स्थिती हीच होती. अनेक भाषांची मोट बांधून केलेल्या राज्यात ही लबाडी सहज चालते. एका भाषेच्या लोकांचा नकार दुसऱ्या भाषेच्या होकाराखाली पुरता येतो. लोकांच्या भाषेचे राज्य हवे, ते एवढ्यासाठीच. भाषिक राज्य झाले की सरकार आपोआप चांगले होते असे नाही. पण त्याला तोंड लपवायला जागा उरत नाही.

आणि योगायोग पाहा. १९५६ च्या डिसेंबरात त्या द्वैभाषिक मुंबईला राज्यपाल म्हणून कोण आले? मद्रासचेच श्रीप्रकाश! १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा राजभवनात तेच होते. मद्रासला ज्यांनी मागचे दार उघडले, त्यांना मुंबईत लोकांनी पुढच्या दाराने आणलेले राज्य पाहावे लागले.

तेव्हा आमचे म्हणणे असे. सरकार अल्पमताचे आहे की बहुमताचे, एवढ्यावर भुलू नका आणि बिचकूही नका. तीन प्रश्न विचारा. पहिला, मुख्यमंत्री कोणत्या दाराने आला, मतपेटीच्या की नेमणुकीच्या? दुसरा, कमी पडलेले हात कुठून आणले, आणि त्या हातांनी निवडणुकीत काय शपथ घेतली होती? तिसरा, हात कुठे मोजले, सभागृहात की कोणाच्या दिवाणखान्यात? १९९४ साली सुप्रीम कोर्टाने बोम्मई खटल्यात सांगितले की बहुमताची परीक्षा सभागृहातच झाली पाहिजे. तेलुगू-तमिळ जनतेने हे ४२ वर्षे आधी सांगितले होते, फक्त तिच्यापाशी कोर्टाचा शिक्का नव्हता.

मुंबईच्या बहुतेक गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकेक करून बंद पडले. गेटमिटिंगचा धडा बंद पडलेला नाही. मद्रासच्या सभागृहात दोन हात फिरले आणि लाखो पोरांची शाळा वाचली. ते दोन हात आपोआप फिरले नाहीत. बाहेर हजारो माणसे उभी होती म्हणून आतले दोन हात फिरले.

आतले हात मोजत राहा. आणि बाहेर उभे राहायला विसरू नका!